निवडीचे पान : शाखायुक्त संवादाच्या लेखी नोंदीविषयी

'प्लेनस्केप : टॉर्मेंट' हा संगणकीय खेळ डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा नायक अनाम आहे. त्याला मरण येत नाही. मात्र मृत्यूबरोबर त्याची पूर्वायुष्याची स्मृती पुसली जात आलेली आहे. आपण कोण होतो याचा शोध घेत तो रॅव्हेल नावाच्या चेटकिणीपर्यंत पोचतो. त्याला हे अमरत्व दिले ते तिनेच, आणि तेही त्याच्याच एका विसरलेल्या जन्मातल्या विनंतीवरून. ती त्याला एक प्रश्न विचारते : मनुष्याचा स्वभाव कशाने बदलू शकतो? पडद्यावर संभाव्य उत्तरांची यादी उमटते आणि खेळाडूने तीतून एक उत्तर उचलायचे असते. कोणतेही उचलले तरी रॅव्हेल ते मान्य करते. हाच प्रश्न तिने पूर्वी इतरांना विचारलेला असतो आणि त्यांची उत्तरे तिला पुरेशी वाटलेली नसतात. तिला हवे असते ते या एका माणसाचे स्वतःचे उत्तर.

या प्रसंगाची लेखी नोंद करू पाहणाऱ्याच्या हातून सहजच एक वाक्य लिहिले जाते : 'उत्तर कोणतेही दिले तरी परिणाम एकच.' वाक्य खरे आहे. खेळ पुढे नेऊ इच्छिणाऱ्यास ते उपयोगीही आहे. परंतु प्रसंगात जे घडते त्याविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही. परिणाम एकच असल्यामुळेच तर उत्तराचा सारा भार उत्तर देणाऱ्यावर येऊन पडतो. बक्षीस नाही, शिक्षा नाही, आणि तरीही निवड करावीच लागते. पश्चात्ताप, प्रेम, काळ, मृत्यू यांसारख्या शब्दांत घोटाळत राहण्याचा जो काही अनुभव असेल, तो त्या यादीसमोर थांबण्यात असतो, यादीच्या पलीकडे नव्हे. 'परिणाम एकच' असे लिहून यादी गाळणारी नोंद प्रसंगच गाळते.

शाखायुक्त संवाद कागदावर किंवा पडद्यावर कसा मांडावा, हा प्रश्न वरवर पाहता छपाईचा वाटतो. परिच्छेद कोठे सोडावा, ओळ किती आत सरकवावी, ठळक टंक कोणास द्यावा, एवढाच तो असता तर समीक्षेने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण या खेळांपैकी काहींची संहिता आकाराने प्रचंड आहे. 'टॉर्मेंट'ची शब्दसंख्या सुमारे आठ लाख सांगितली जाते. २०१९ मध्ये आलेल्या 'डिस्को एलिझियम'ची दहा लाखांच्या घरात. नाटकाची संहिता जशी छापून मिळते तशी यांची मिळत नाही. खेळ न खेळता किंवा एकदाच खेळून त्यांच्याविषयी लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासमोर जी संहिता असते ती बहुतेक वेळा चाहत्यांनी एकत्र येऊन विकीवर उतरवून ठेवलेली असते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हा तिच्यामागे साहित्यसंपादनाचा विचार नव्हता. कोणीही पान उघडावे आणि दुरुस्त करावे एवढीच सोय होती. त्या सोयीतून आज एक संपादनशाखा उभी राहिली आहे आणि तिला आपण संपादन करीत आहोत याची जाणीव क्वचितच असते. जे पान 'मदत' म्हणून लिहिले जाते ते 'आवृत्ती' म्हणून वाचले जाते.

या पानांचे रूढ रूप म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची यादी. विकीच्या लेखनचिन्हांत ओळीच्या आरंभी एक तारका घातली की पहिली पायरी, दोन घातल्या की दुसरी, तीन घातल्या की तिसरी. पात्राचे वाक्य, त्याखाली खेळाडूचा पहिला पर्याय, त्याच्या पोटात पात्राचे उत्तर, त्याच्या पोटात पुढचे पर्याय. ही मांडणी लिहिणाऱ्याला सोपी पडते आणि तर्कशुद्धही वाटते. तिच्यात मात्र एक दोष आहे. पहिल्या पर्यायाचे सारे वंशज उतरवून झाल्याशिवाय दुसरा पर्याय लिहिता येत नाही. खेळाडूसमोर चार वाक्ये एकाखाली एक, एका दृष्टिक्षेपात उभी होती. पानावर मात्र पहिले आणि दुसरे यांच्यामध्ये चाळीस ओळी येतात, दुसरे आणि तिसरे यांच्यामध्ये साठ. चौथा पर्याय येईपर्यंत तो कोणत्या प्रश्नाचा पर्याय होता हेच वाचक विसरलेला असतो. भावंडे एकमेकांपासून दूर फेकली जातात आणि बाप-लेक तेवढे जवळ राहतात. म्हणजे यादी निवड दाखवत नाही, निवडीचे परिणाम दाखवते. तिच्यात क्रम टिकतो, शेजार टिकत नाही.

शेजाराला इतके महत्त्व का द्यावे? रोमान याकोब्सन यांनी १९६० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात भाषाव्यवहाराचे दोन अक्ष सांगितले : निवडीचा आणि जुळणीचा. बोलणारा समानधर्मी शब्दांच्या गणातून एक निवडतो आणि निवडलेले शब्द एकामागून एक जोडतो. कथा-कादंबरीच्या वाचकासमोर केवळ जुळणी येते. जे निवडले गेले नाही ते अनुपस्थित असते आणि समीक्षक अनुमानाने त्याचा मागोवा घेतो. कवीने 'जल' न म्हणता 'पाणी' का म्हटले असे आपण विचारतो तेव्हा 'जल' पानावर नसतेच. शाखायुक्त संवादाचे वैशिष्ट्य हे, की येथे निवडीचा अक्ष क्षणभर प्रत्यक्ष दिसतो. जे बोलले जाणार नाही तेही लिहिलेले असते, वाचले जाते आणि मग नाहीसे होते. पडद्यावर 'मला तुझी दया येते' हे वाक्य 'तू मेलीस तरी चालेल' या वाक्याच्या शेजारी उभे असताना त्याचा जो अर्थ होतो तो 'मला क्षमा कर' या वाक्याच्या शेजारी उभे असताना होत नाही. न निवडलेली वाक्ये निवडलेल्या वाक्याचा संदर्भ असतात. ती चाळीस ओळींपलीकडे गेली की वाक्य उरते आणि संदर्भ जातो.

एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात अशा कृतींसाठी एक उपयुक्त भेद केला आहे : कृतीत साठवलेले शब्दखंड वेगळे आणि वाचकासमोर उमटणारे शब्दखंड वेगळे. छापील कादंबरीत दोन्ही बहुतांशी एकच असतात, म्हणून हा भेद आपल्याला जाणवत नाही. चाहत्यांचे पान साठवलेल्या खंडांची यादी करते; वाचक मात्र ती उमटलेल्या खंडांसारखी, वरून खाली, सलग वाचतो. कोणाही एका खेळाडूने एका खेपेत जे कधीच वाचले नाही, वाचणे शक्यही नव्हते, ते येथे एका बैठकीत वाचून होते. नायक एका ओळीत दयाळू, पुढच्या ओळीत क्रूर, त्यापुढच्या ओळीत थट्टेखोर दिसतो. अशा वाचनातून एखाद्या अभ्यासकाने 'नायकाचे व्यक्तिमत्त्व विसंगत आहे' असा निष्कर्ष काढला, तर तो दोष खेळाचा नव्हे, पानाचा.

पायऱ्यांच्या यादीची दुसरी अडचण रचनेतूनच येते. संवाद 'झाडासारखा' फुटतो असे आपण सहज म्हणतो. पण झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींस मिळत नाहीत आणि संवादाच्या मिळतात. 'टॉर्मेंट' ज्या यंत्रणेवर उभा आहे तिच्यात पात्राच्या प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असतो, त्याला खेळाडूची प्रत्युत्तरे जोडलेली असतात, आणि प्रत्येक प्रत्युत्तर पुढच्या कोणत्या तरी क्रमांकाकडे बोट दाखवते. ते बोट पुढे जाऊ शकते तसे मागेही. 'आणखी काही विचारायचे होते' असे म्हणून खेळाडू पुन्हा पहिल्या प्रश्नांच्या यादीवर येतो. तीन निरनिराळी प्रत्युत्तरे एकाच वाक्याशी येऊन मिळतात. हे झाड नव्हे, जाळे आहे. जाळ्याचे झाड करायचे म्हणजे एक तर तेच वाक्य तीनदा लिहावे लागते, नाही तर दोन फांद्या मध्येच तोडाव्या लागतात. पहिल्याने पान फुगते आणि एका जागी केलेली दुरुस्ती इतर दोन जागी राहून जाते. अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या पानावर हे हटकून घडते. दुसऱ्याने खोटी माहिती नोंदवली जाते.

खेळ लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी कोणती लेखनचिन्हे घडवली हे येथे पाहण्यासारखे आहे. 'एटी डेज' (२०१४) हा खेळ करणाऱ्या इंकल या संस्थेने आपली 'इंक' नावाची लेखनभाषा २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यातही पर्यायासाठी तारका आहे, पर्यायाच्या पोटातील पर्यायासाठी दोन तारका आहेत. विकीच्या चिन्हांशी हे साम्य लक्षणीय आहे. पण इंकमध्ये आणखी एक चिन्ह आहे. ओळीच्या आरंभी आडवी रेघ दिली की वरच्या सर्व शाखा तेथे गोळा होतात. आता पुढचा मजकूर सर्वांसाठी सामायिक. लेखकाच्या लेखी फुटणे आणि जुळणे ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत, म्हणून त्याने दोहोंसाठी चिन्हे केली. विकीच्या यादीत आत जाण्याची सोय आहे, एकत्र येण्याची नाही. एका टंकचिन्हाचा हा अभाव क्षुल्लक नाही. त्याच्यामुळेच प्रत्येक निवड कायमची असल्याचा भास पानावर निर्माण होतो. खेळात बहुतेक निवडी दोन-तीन वाक्यांत सामायिक प्रवाहात परततात आणि तरीही काहीतरी मागे ठेवून जातात.

परत येणाऱ्या शाखा 'निरर्थक' होत असा एक समज या नोंदींत खोल रुजलेला दिसतो. 'टॉर्मेंट'मध्येच त्याचे उत्तर आहे. या खेळात काही पर्यायांच्या आरंभी 'सत्य' किंवा 'असत्य' अशी खूण असते; वचन देण्यासाठी आणि नुसती बतावणी करण्यासाठीही वेगळ्या खुणा आहेत. काही ठिकाणी एकच वाक्य यादीत दोनदा येते : एकदा खरे म्हणून, एकदा खोटे म्हणून. समोरचे पात्र जे ऐकते ते दोन्ही वेळा सारखेच. बदलतो तो बोलणाऱ्याचा हेतू, आणि खेळ त्या हेतूची नोंद नायकाच्या नैतिक कलात करून ठेवतो. पाठचिकित्सेच्या सवयीने पाहणारा संपादक, किंवा पान सुटसुटीत करू पाहणारा उत्साही चाहता, या दोन ओळींतील एक पुनरुक्ती समजून गाळील. वास्तविक मराठी वा इंग्रजी कादंबरीला जे साधणे अवघड, ते येथे एका यादीने साधले आहे. उच्चार तोच ठेवून केवळ आशय पालटणे, आणि ते निवेदकाच्या भाष्याने नव्हे तर वाचकाकडूनच हेतू वदवून घेऊन, ही वाङ्मयीन घटना आहे. नोंद करणाऱ्यास ती दिसावी यासाठी वाक्य व खूण दोन्ही जशीच्या तशी आणि एकमेकांलगत उतरवावी लागतात.

'मास इफेक्ट' (२००७) या खेळाने हा पेच उलट बाजूने उभा केला. तेथे पर्याय यादीत नसून एका चक्राभोवती मांडलेले असतात आणि पर्याय म्हणून दिसते ते पूर्ण वाक्य नव्हे, त्याचा दोन-चार शब्दांचा सारांश. निवड केल्यावर नायक त्याहून लांब आणि कधी कधी बऱ्याच निराळ्या सुराचे वाक्य बोलतो. शिवाय जागेलाही अर्थ आहे : वरची उजवी बाजू सौजन्याची, खालची उजवी कठोरपणाची, डावीकडे अधिक चौकशीचे प्रश्न. येथे लिहायचे काय? केवळ बोललेली वाक्ये उतरवली तर खेळाडूने ती निवडली असा खोटा आभास होतो. त्याने तर ती ऐकली, तीही कधी दचकून. केवळ सारांश उतरवले तर पात्र तुटक बोलणारे ठरते. दाखवले काय, बोलले गेले काय आणि बदलले काय, या तिन्हींची सरमिसळ होऊ न देता नोंद करणे हा अशा पानाचा पहिला धर्म म्हटला पाहिजे. बहुसंख्य पानांवर या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत, कंसांच्या गर्दीत कोंबलेल्या आढळतात. त्यातही तिसरी, म्हणजे गुणांची वाढ वा घट, रंगीत टंकात असते आणि पहिली गायब असते.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला या संदर्भात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होणे अपरिहार्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेले हे कार्य म्हणजे भिन्न पाठांना पानावर जागा देण्याचा एक महान प्रयोग होता. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्वात त्याची घडी घालून दिली : वर सिद्ध केलेली संहिता, खाली पाठभेद, तारांकित श्लोक तळाशी, दीर्घ प्रक्षेप परिशिष्टात, आणि जेथे संपादकाला पुरती खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. काहीही फेकून द्यायचे नाही, पण प्रत्येकाची पायरी दाखवायची, असे या मांडणीचे तत्त्व होते.

हे तत्त्व शाखायुक्त संवादास लावता येईल काय? बहुतांशी नाही, आणि का नाही हे पाहणे उद्बोधक आहे. चिकित्सक आवृत्तीत भेद निर्माण होतात ते संक्रमणात. लेखनिक, प्रांत, लिपी, संप्रदाय यांच्या हातून. संपादक त्या भेदांमागे जाऊन जुन्यात जुना साधार पाठ गाठू पाहतो. वरची आणि तळाची ही उतरंड त्या हेतूतून येते. खेळातील चारही पर्याय मात्र एकाच लेखनप्रकल्पातून, जाणूनबुजून, चार म्हणूनच लिहिलेले असतात. त्यांच्यात मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हा प्रश्न संभवत नाही. तरीही चाहत्यांची पाने नकळत उतरंड रचतात. 'सर्वोत्तम उत्तर' ठळक टंकात वर येते, उरलेली 'इतर' या शीर्षकाखाली जातात. लाभाच्या निकषावर सिद्ध केलेली ही संहिता होय. रॅव्हेलसारख्या प्रसंगात, जेथे लाभच नाही, तेथे तिला काय वर ठेवावे तेच कळत नाही आणि ती सगळेच गाळते.

सुखटणकरांपासून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, ती म्हणजे नागमोडी रेघ. विकीवरील पानाला साधनांचे दोन प्रवाह येऊन मिळतात. काही लेखक खेळ खेळून, पडद्यावर दिसेल तसा संवाद उतरवतात. काही जण खेळाच्या फाइली उघडून साठवलेली वाक्ये थेट काढतात. पहिल्या पद्धतीत संदर्भ पक्का असतो पण संहिता अपुरी. एका खेपेत एकच वाट चालता येते. या अपुरेपणावर सामूहिक लेखन हा खरोखर चांगला उपाय आहे. एकाचा नायक सज्जन, दुसऱ्याचा लबाड, तिसऱ्याचा मंदबुद्धी. तिघांना तीन वाटा दिसतात आणि पान भरत जाते. पूर्ण संहितेचा वाचक येथे एक व्यक्ती नसून एक मंडळी असते, ही गोष्ट वाचककेंद्री समीक्षेच्या 'गृहीत वाचक' या संकल्पनेला अडचणीत टाकणारी आहे आणि तिचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. दुसऱ्या पद्धतीत वाक्ये सगळी हाती येतात, पण कोणते वाक्य कोणत्या अटीवर उमटते हे अटींच्या सांकेतिक भाषेतून ताडावे लागते; काही वाक्ये तर कोणत्याही वाटेवर न उमटणारी, लेखकांनी टाकून दिलेली पण पुसायची राहिलेली असतात. पानावर दोन्ही प्रकारची वाक्ये शेजारी शेजारी, सारख्याच आत्मविश्वासाने उभी असतात. पाहिलेले आणि ताडलेले यांत फरक करणारी रेघ नाही. पाठभेद कोणाकडून आला ते टिपून ठेवण्याची दक्षता महानुभावांच्या गद्यपरंपरेलाही अपरिचित नव्हती. अद्ययावत साधने हाती असलेल्या या संपादकांना ती दाखवणे कठीण जाऊ नये. आवृत्तीचा उल्लेखही तितकाच आवश्यक आहे. 'टॉर्मेंट' २०१७ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला, 'डिस्को एलिझियम'ची भर घातलेली आवृत्ती २०२१ मध्ये आली. कोणत्या आवृत्तीचे वाक्य, हे न सांगणारे पान काही वर्षांनी दोन्हींपैकी कोणत्याच आवृत्तीचे राहत नाही.

मग पान असावे तरी कसे? छापील पुस्तकांनी याचे एक उत्तर बरेच आधी दिले होते. 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' (१९८२) या खेळपुस्तकात चारशे क्रमांकित परिच्छेद आहेत. प्रत्येक परिच्छेदाच्या तळाशी पर्याय एकत्र दिलेले, आणि प्रत्येकासमोर पुढच्या परिच्छेदाचा क्रमांक. भावंडे एकत्र राहतात; शाखा परत जुळली तर दोन पर्यायांसमोर एकच क्रमांक येतो; मागे जायचे असेल तर मागचा क्रमांक. जाळे जाळेच राहते. खेळाच्या फाइलींतील रचनाही हीच आहे हे वर आलेच. विकीवर अशी मांडणी अगदी शक्य आहे, काही पाने ती करतातही : पात्राचे वाक्य क्रमांकासह, लगेच खाली सर्व पर्याय, प्रत्येकापुढे दुवा. किंमत मोजावी लागते ती प्रवाहाची. सलग वाचू पाहणाऱ्याला उड्या माराव्या लागतात. पण या उड्या हे वाचनाच्या मार्गातील विघ्न मानायचे कारण नाही. सलगपणा ही खेळाच्या अनुभवातील एका वाटेची गोष्ट आहे. सर्व वाटांच्या नोंदीला तो लाभूच शकत नाही, आणि पायऱ्यांची यादी जो सलगपणा देऊ करते तो फसवा आहे.

पर्यायावर बोट ठेवले तरच उत्तर उघडेल अशी झाकलेल्या मजकुराची योजना काहींना अधिक मोहक वाटते. ती शेजार राखते आणि खेळाच्या क्रियेचे थोडे अनुकरणही करते. परंतु झाकलेला मजकूर शोधात नीट सापडत नाही, छापताना सुटतो, आणि दोन शाखांची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाला पुन्हापुन्हा दारे उघडत बसावे लागते. आकृती हा तिसरा मार्ग. 'डेट्रॉइट : बिकम ह्यूमन' (२०१८) हा खेळ स्वतःच प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाटांची आकृती दाखवतो, न चाललेल्या वाटा त्यात कुलूपबंद चौकटींच्या रूपाने दिसतात. आकृतीतून घडण कळते, वाक्य कळत नाही. चौकटीत मावतात ते प्रसंगांची नावे, आणि संवादाचे सारे मर्म तर शब्दांत असते. क्रमांकित मांडणीच्या शिरोभागी नकाशा म्हणून आकृती ठीक. तिच्या जागी नव्हे.

'डिस्को एलिझियम' या सर्व मांडण्यांपुढे एक नवी अडचण ठेवतो. त्यातील गुप्तहेराचे चोवीस गुण हीच चोवीस पात्रे आहेत. तर्क, सहानुभूती, अधिकारभावना वगैरे त्याच्या डोक्यात बोलतात, एकमेकांना खोडून काढतात. काही वेळा फासे टाकून यशापयश ठरते आणि ते खेळाडूला दिसते. पण बऱ्याच वेळा गुणाची पातळी पुरेशी असेल तर आवाज उमटतो, नसेल तर काहीच होत नाही; आणि काही झाले नाही हेही खेळाडूला कळत नाही. येथे खेळाडूची निवड त्या क्षणी झालेलीच नाही, ती कित्येक तास आधी, गुण वाटताना झाली. चाहत्यांच्या नोंदीत असे वाक्य गुणाचे नाव आणि कठीणपणा कंसात देऊन संवादाच्या मध्येच बसवलेले असते. त्यामुळे पान वाचणाऱ्याला तो गुप्तहेर विलक्षण बडबडा, सर्वज्ञ वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खेळाडूचा गुप्तहेर कोठे ना कोठे बहिरा असतो, आणि त्या बहिरेपणातच त्याचे व्यक्तित्व घडते. अटीवर उमटणारे वाक्य समासात, मुख्य प्रवाहाच्या बाजूस ठेवले तर निदान ते नसतानाही संवाद पुरा होतो एवढे दिसते. समासाचा असा उपयोग आपल्या पोथ्यांना नवा नव्हता.

शाखांची संख्या भाषेगणिक बदलते ही गोष्ट इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या या नोंदींच्या ध्यानात येणे कठीण. 'बाल्डर्स गेट' (१९९८) या खेळात नायक पुरुष असावा की स्त्री हे खेळाडू ठरवतो. 'टॉर्मेंट'नेही वापरलेल्या त्याच यंत्रणेत इंग्रजीखेरीज काही भाषांसाठी नायिकेच्या वाक्यांची दुसरी फाइल ठेवण्याची सोय आहे, कारण तेथे बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात वा विशेषणात उतरते. इंग्रजीत एक असलेला पर्याय अशा भाषेत दोन होतो. मराठीत तो आणखी फुटेल. 'मी आलो' आणि 'मी आले' हा भेद तर झालाच. शिवाय रॅव्हेलला 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', हे इंग्रजी पर्यायाने अनिर्णित ठेवलेले मराठी वाक्याला ठेवता येणार नाही. तुच्छतेने दिलेले उत्तर आणि सलगीने दिलेले उत्तर, दोहोंत 'तू'च येईल, पण ते एकच 'तू' नसेल. 'सत्य' आणि 'असत्य' अशा खुणांनी एकाच वाक्याचे दोन पर्याय करणाऱ्या लेखकांना आपल्या सर्वनामांनी पुष्कळ काही देऊ केले असते. तूर्त एवढेच, की 'सर्व शाखांची संपूर्ण नोंद' असा दावा करणारे पान एका भाषेतील शाखांचीच नोंद असते.

उरतो काळ. 'द वॉकिंग डेड' (२०१२) या खेळात पर्यायांखाली एक पट्टी आटत जाते. ती संपेपर्यंत निवड करावी लागते. पर्यायांपैकी एक पुष्कळदा नुसती तीन टिंबे असतो, म्हणजे मौन. खेळाडू ते विचारपूर्वक निवडू शकतो. किंवा त्याला काय बोलावे ते सुचत नाही, पट्टी आटून जाते आणि मौनच त्याच्या नावावर लागते. अमुक पात्र हे लक्षात ठेवील अशी सूचना त्यानंतर दोन्ही वेळा सारखीच उमटू शकते. पानावर या दोहोंसाठी एकच ओळ असते : तीन टिंबे, आणि त्यांच्यापुढे समोरच्याचे उत्तर. गप्प राहिलेला आणि गप्प झालेला हे दोन निरनिराळे बोलणारे आहेत. त्यांना दोन ओळी देणे विकीच्या कोणत्याही लेखनचिन्हाला आजही शक्य आहे.